आधी नमुना, मग गोळी

आवणीच्या दिवसांत आपल्याकडच्या बायका सकाळपासून चिखलात उभ्या असतात. शेतावर आडोसा नसतो, म्हणून त्या पाणी कमी पितात आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. चार-सहा दिवसांत लघवीला जळजळ सुरू होते, ओटीपोटात दुखते, अंगात कणकण येते. शेणवा असो, किन्हवली असो की मुरबाडकडचे सरळगाव-टोकावडे असो, यापुढचे सगळे ठरलेले असते. आवणी टाकून दवाखान्यात कोण जाणार? मग घरातले कोणीतरी मेडिकलमधून तीन-चार गोळ्या आणते. दोन दिवस बरे वाटते. आठवड्याभरात दुखणे पुन्हा उलटते, आणि या वेळी त्याच गोळ्या घेऊनही ताप उतरत नाही.

"गोळी हलक्या कंपनीची असेल," असे आपण म्हणतो. पुष्कळदा गोळी चांगलीच असते. जंतूच तिला दाद देत नाही.

असे जंतू ओळखायचे कसे? ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि तापाच्या आकड्यावरूनही कळत नाहीत. प्रयोगशाळेत मात्र ते ओळखण्याच्या पक्क्या पद्धती आहेत. रुग्णाच्या लघवीतून, रक्तातून, बेडक्यातून ते ओळखता येतात, तसेच गटाराच्या सांडपाण्यातूनही ओळखता येतात. त्या पद्धती या लेखात समजून घेऊ. लॅब कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग होणार की नाही, हे पुष्कळदा आपल्या घरातच ठरते. पहिली गोळी आधी तोंडात गेली की नमुना आधी बाटलीत गेला, यावर ते ठरते.

सवय लागते ती जंतूला

अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक औषध. ते जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबवते. साधी सर्दी आणि बरेचसे ताप विषाणूंमुळे येतात. त्यांच्यावर या औषधाचा काहीही परिणाम होत नाही.

"माझ्या अंगाला हे औषध सवयीचे झाले," असे आपण सहज बोलून जातो. पण सवय अंगाला होत नाही, बदल जंतूत होतो. शरीरात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतल्या एखाद्याच्या जनुकात असा बदल झालेला असतो की औषध त्याला मारू शकत नाही. औषध घेतले की बाकीचे मरतात आणि हा उरतो. मग त्याला जागाही मिळते आणि अन्नही. त्याची पिलावळ वाढते आणि ती सगळी तशीच निघते. एवढ्यावर हे थांबत नाही. हा बदल सांगणारे जनुक एक जंतू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. म्हणून ज्याने ते औषध कधी घेतले नाही, त्याच्याही पोटात असा जंतू येऊ शकतो.

२०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट अशा जिवाणूंमुळे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणून ही तपासणी फक्त मोठ्या इस्पितळांची बाब राहिलेली नाही.

बाटलीपासून सुरुवात

समजा, आपल्या आळीतल्या एका ताईला लघवीला जळजळ होते आहे आणि डॉक्टरांनी 'युरीन कल्चर' लिहून दिले आहे. कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये मुद्दाम वाढवून पाहणे. त्यासाठी जंतू जिवंत पोहोचायला हवेत. अँटिबायोटिकची एक-दोन गोळ्यांची मात्रा पोटात गेली तरी लघवीतले बरेच जंतू मरतात किंवा अर्धमेले होतात. मग लॅबमध्ये काहीच वाढत नाही, रिपोर्टवर 'वाढ नाही' असे येते आणि दुखणे मात्र तसेच राहते. म्हणून गोळी सुरू करण्याआधी नमुना द्यायचा. गोळी आधीच घेतली असेल तर लपवू नये. कोणती घेतली आणि कधी घेतली, ते लॅबवाल्यांना सांगावे.

नमुना देण्याची रीत सोपी आहे. बाटली लॅबमधूनच निर्जंतुक आणावी. कफ सिरपची धुतलेली बाटली चालत नाही. आधी जागा स्वच्छ पाण्याने धुवावी. बायकांनी पुढून मागे धुवावे. लघवीची पहिली धार सोडून द्यावी, मधली धार बाटलीत धरावी आणि झाकण लगेच घट्ट लावावे. बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लावू नये.

आपल्यासाठी खरी अडचण अंतराची आहे. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचायला हवा. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय नावाचा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तीन तासांत एकाचे पाचशेच्या वर होतात. गाडीची वाट बघत बाटली पिशवीत उन्हाने तापत राहिली, तर नसलेला आजार रिपोर्टवर दिसू लागतो. उशीर होणारच असेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवावी. साधारण ४ अंश सेल्सिअसला नमुना २४ तासांपर्यंत चालतो. तो गोठू मात्र देऊ नये.

ताटलीवरची शेती

लॅबमध्ये झाकणाची एक चपटी, गोल ताटली असते. तिच्यात अगारची वडी जमवलेली असते. अगार म्हणजे आपण जेलीसाठी वापरतो तो चायना ग्रास. समुद्री शेवाळापासून तो मिळतो. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला जंतू वाढवायला जिलेटिन वापरत असत, पण ते उन्हाळ्यात वितळून जायचे. तिथल्या एका संशोधकाची पत्नी फॅनी हेसे आपल्या स्वयंपाकघरात जेलीसाठी अगार वापरत असत. त्यांनीच तो सुचवला. आजही जगभरच्या लॅब त्याच्यावरच चालतात.

अगारात जंतूंचे खाणे मिसळलेले असते. तारेच्या बारीक कडीने लघवीचा एक मिलिलिटरचा हजारावा भाग उचलून ताटलीवर पसरतात आणि ती रात्रभर सुमारे ३७ अंशांच्या उबेत ठेवतात. एकेका जंतूपासून वाढून एकेक ठिपका तयार होतो. त्याला वसाहत म्हणतात. शंभर ठिपके आले तर एका मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू होते, असा हिशेब निघतो. एक लाख किंवा त्याहून जास्त जंतू आणि सोबत जळजळ-ताप असेल, तर तो खरा संसर्ग समजतात. कमी संख्येचाही काही रुग्णांत अर्थ असतो; ते डॉक्टर ठरवतात. मॅकॉन्की नावाच्या अगारावर ई. कोलाय गुलाबी दिसतो. लघवीच्या संसर्गात सर्वांत जास्त वेळा तोच सापडतो.

चकत्यांची परीक्षा

जंतू कोणता ते कळले. आता त्याला कोणते औषध मारते ते पाहायचे. यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत चकत्यांची आहे. तिचे नियम बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये पक्के केले.

ठिपक्यातले थोडे जंतू मिठाच्या निर्जंतुक पाण्यात कालवतात. पाणी ठरावीक गढूळ होईपर्यंत ते मिसळायचे. एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५ कोटी जंतू होतील इतका तो गढूळपणा असतो आणि तो प्रमाण नळीशी ताडून पाहतात. मग कापसाच्या बोळ्याने हे पाणी म्युलर-हिंटन नावाच्या अगारावर सारवतात, अंगण सारवावे तसे, कुठेही फट न ठेवता. त्यावर सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत वेगळे औषध ठरलेल्या मात्रेत भरलेले असते. ताटली १६ ते १८ तास उबेत ठेवतात.

चकतीतले औषध अगारात चहूबाजूंना पसरते. जंतू औषधाला दाद देत असेल तर चकतीभोवती त्याची वाढच होत नाही आणि तिथे स्वच्छ मोकळे कडे दिसते. जंतू दाद देत नसेल तर तो चकतीला खेटून वाढतो. कड्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात, तो प्रमाण तक्त्याशी ताडतात आणि मग रिपोर्टवर अक्षर लिहितात.

'एस' म्हणजे जंतू दाद देतो, औषध चालेल. 'आर' म्हणजे दाद देत नाही, औषध चालणार नाही. 'आय' म्हणजे मधली स्थिती. अशा वेळी औषध वापरायचे की नाही, मात्रा किती ठेवायची, हे डॉक्टर ठरवतात.

इथे एक गफलत नेहमी होते. ज्याचे कडे मोठे ते औषध जास्त जोरदार, असे रिपोर्ट पाहणाऱ्याला वाटते. तसे नसते. प्रत्येक औषध अगारात वेगळ्या वेगाने पसरते, म्हणून प्रत्येकाचा तक्ता वेगळा असतो. ई. कोलायच्या परीक्षेत सिप्रोफ्लॉक्सासिनचे कडे २१ मिलिमीटर आले तर ते 'आर' ठरते आणि जेंटामायसिनचे १८ आले तरी ते 'एस' ठरते. शिवाय डॉक्टर औषध निवडतात ते फक्त अक्षर पाहून नव्हे. बाई गरोदर आहे का, मूत्रपिंड कसे आहे, संसर्ग मूत्राशयात आहे की रक्तात, हेही त्यांना पाहावे लागते. म्हणून रिपोर्टमधल्या 'एस'ची यादी घेऊन स्वतःच मेडिकल गाठू नये.

किती मात्रेला जंतू थांबतो

चकती 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढेच सांगते. गंभीर रुग्णात किती औषधाला जंतू थांबतो, हाही आकडा लागतो. त्यासाठी लहान लहान खळग्यांत औषध चढत्या मात्रेत घेतात. मात्रा दर वेळी दुप्पट होत जाते: पाव, अर्धा, एक, दोन, चार, आठ. प्रत्येक खळग्यात सारखेच जंतू घालतात. दुसऱ्या दिवशी काही खळगे गढूळ असतात, काही नितळ. ज्या सर्वांत कमी मात्रेला खळगा नितळ राहिला, तो आकडा रिपोर्टवर 'एमआयसी' म्हणून येतो. मोठ्या लॅबमध्ये हेच काम यंत्र करते.

कोलिस्टिन या अगदी शेवटच्या फळीतल्या औषधासाठी तर मात्रेचीच परीक्षा घ्यावी लागते. त्याचा रेणू मोठा असल्यामुळे तो अगारात नीट पसरत नाही आणि चकतीचे कडे फसवे निघते. हेच औषध कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून त्यांच्या खाद्यात घातले जात असे. माणसाच्या हाती राहिलेले शेवटचे औषध असे खर्ची पडू नये म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली. पोल्ट्रीची शेड चालवणाऱ्या आपल्या भावंडांनी हे लक्षात ठेवावे.

जंतू कोणते हत्यार वापरतो

काही जंतू औषध नष्ट करणारा पदार्थच तयार करतात. त्याला विकर म्हणतात. ते ओळखण्याची एक रीत फार सोपी आहे. मेरोपेनेम या भारी औषधाची चकती जंतूंच्या पाण्यात चार तास बुडवून ठेवतात. मग ती बाहेर काढून, औषधाला हमखास दाद देणारा माहितीतला जंतू सारवलेल्या ताटलीवर ठेवतात. चकतीभोवती मोठे कडे आले तर औषध शाबूत राहिले. कडे आलेच नाही तर पहिल्या जंतूने चार तासांत चकतीतले औषध फस्त केले, हे सिद्ध होते. या रीतीला महागडे यंत्र लागत नाही.

मेरोपेनेमच्या गटातली औषधे अतिदक्षता विभागात, बाकीची हरल्यावर देतात. ती फस्त करणाऱ्या एका विकराचे नाव आहे एनडीएम-१. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये आपली तपासणी प्रसिद्ध केली. या गटातल्या औषधांना दाद न देणारे आतड्यातल्या कुळाचे २४ जंतू त्यांनी तपासले होते. त्यांतल्या २२ जणांत एनडीएम-१ होते. आपल्या दारातून जाणाऱ्या लोकलच्या शेवटच्या टोकाला ही गोष्ट घडली.

जनुकाची ओळख: पीसीआर

कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. पीसीआरला काही तासच पुरतात. कोरोनाच्या काळात हे नाव घराघरांत पोहोचले. यात जंतू वाढवत नाहीत. त्याच्या जनुकाचा ठरावीक तुकडा शोधून त्याच्या प्रती काढतात. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एका तुकड्याचे तीस फेऱ्यांत १०७ कोटींच्या वर तुकडे होतात. मग तो नजरेतून सुटत नाही.

याचा आपल्याला सर्वांत जवळचा उपयोग क्षयरोगात होतो. क्षयाचा जंतू कल्चरमध्ये वाढायला आठवडे लागतात. सीबीनॅट आणि ट्रुनॅट ही यंत्रे बेडक्यातून एक-दोन तासांत दोन प्रश्नांची उत्तरे देतात: क्षय आहे का, आणि तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो का. ट्रुनॅट हे गोव्याच्या कंपनीने बनवलेले, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. वीज जाणाऱ्या तालुक्यांसाठी ते सोयीचे आहे. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आशाताईंना सांगावे आणि बेडका द्यावा.

पीसीआरलाही मर्यादा आहे. जे जनुक शोधायला सांगितले तेवढेच ते शोधते. नव्या तऱ्हेचे जनुक असेल तर ते त्याला दिसत नाही. मेलेल्या जंतूचे जनुकही त्याला सापडते. म्हणून पीसीआर आले तरी ताटली आणि चकती लॅबमधून गेलेली नाही.

विडाल म्हणजे कल्चर नव्हे

आपल्याकडे ताप लांबला की 'विडाल' करतात आणि 'टायफॉईड निघाला' असे सांगतात. विडाल तपासणी जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली द्रव्ये ती मोजते. पूर्वी होऊन गेलेल्या तापामुळे किंवा लसीमुळेही ती दिसू शकतात. शिवाय जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, हे विडाल कधीच सांगू शकत नाही. त्यासाठी रक्ताचे कल्चर लागते. ते तापाच्या पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकच्या आधी घेतले तर जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉईडचा जंतू सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या इंजेक्शनलाही दाद देत नव्हता. तो कोणत्या औषधाने मरेल, हे कल्चरवरूनच कळले.

इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. रुग्ण अत्यवस्थ असेल, म्हणजे श्वास जोरात चालत असेल, शुद्ध हरपत असेल, हातपाय गार पडत असतील, लघवी बंद झाली असेल, तर रिपोर्टची वाट पाहायची नसते. अशा वेळी डॉक्टर नमुना चटकन घेतात आणि औषध लगेच सुरू करतात. रिपोर्ट आल्यावर लागले तर औषध बदलतात. 'आधी नमुना' याचा अर्थ 'उपचाराला उशीर' असा कोणी काढू नये.

गटार केसपेपर मागत नाही

आतापर्यंत पाहिले ते दवाखान्यात पोहोचलेल्यांचे. आवणी न सोडता मेडिकलच्या गोळ्यांवर भागवणाऱ्या आपल्या ताईची नोंद कुठेच होत नाही. पुष्कळ माणसांच्या आतड्यात असे जंतू असूनही ती धडधाकट असतात, मग ती तपासणीला कशाला जातील? गटार मात्र कोणाकडे केसपेपर मागत नाही. श्रीमंत-गरीब, आजारी-निरोगी, सगळ्यांच्या पोटातले जंतू सांडपाण्यात येतात. एका बाटलीत सगळ्या वस्तीची खबर मिळते, आणि कोणाचे नावही उघड होत नाही.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. पोलिओचा विषाणू शोधण्यासाठी मुंबईच्या सांडपाण्याची तपासणी २००१ मध्ये सुरू झाली. कोरोनाच्या काळात पुण्यातही सांडपाणी तपासले गेले.

नमुना घेण्याचे दोन मार्ग आहेत. बाटली बुडवून एकदाच घेतलेले पाणी त्या क्षणापुरते असते. सकाळी संडासाच्या वेळचे वेगळे, दुपारचे वेगळे. म्हणून जमेल तिथे दिवसभर थोडे थोडे पाणी गोळा करून मिसळतात. दुसरा मार्ग १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये मूर नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने वापरला. गॉजची घडी दोरीने बांधून गटारात दोन-तीन दिवस लोंबकळत ठेवायची. वाहत्या पाण्यातले जंतू तिच्यात अडकत राहतात. या रीतीने गावातल्या पॅराटायफॉईड पसरवणाऱ्या माणसाचा माग गटारागटारांतून काढता आला. तिला वीज लागत नाही आणि यंत्रही लागत नाही.

नमुना बर्फात ठेवून लॅबमध्ये नेतात. सांडपाण्यात जंतू इतके असतात की ते तसेच ताटलीवर घातले तर सगळे एकमेकांत मिसळून वाढतील आणि मोजता येणार नाहीत. म्हणून एक भाग सांडपाणी आणि नऊ भाग निर्जंतुक पाणी, असे दहापट पातळ करतात. त्यातले पुन्हा दहापट, पुन्हा दहापट. मग तेच पाणी दोन ताटल्यांवर घालतात. एक ताटली साधी, दुसरीच्या अगारात सेफोटॅक्सिम हे औषध मिसळलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत वापरतात त्या अगारावर ई. कोलायचे ठिपके निळसर-हिरवे दिसतात. समजा, साध्या ताटलीवर २०० ठिपके आले आणि औषधाच्या ताटलीवर ५०. म्हणजे त्या वस्तीच्या सांडपाण्यातल्या ई. कोलायपैकी चौथा हिस्सा त्या औषधाला दाद देत नाही.

मग त्या ५० पैकी काही ठिपके उचलून चकत्यांची परीक्षा घेतात. सेफोटॅक्सिमची एक चकती नुसती आणि दुसरी क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह. हे आम्ल जंतूचे औषध फोडणारे विकर अडवते. दुसऱ्या चकतीचे कडे पहिलीपेक्षा पाच मिलिमीटरने किंवा त्याहून जास्त मोठे आले, तर तो जंतू 'ईएसबीएल' गटातला ठरतो. दवाखान्याच्या रिपोर्टवर हीच अक्षरे दिसली तर ती याच जंतूची खूण आहे, हे ओळखावे.

मुठेच्या गाळात काय सापडले

जंतू न वाढवता नमुन्यातली सगळीच जनुके वाचण्याची पद्धतही आता आहे. ती पुण्यात मुठा नदीवर वापरली गेली. भारतीय आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी शहराच्या वरच्या अंगाचा आणि शहरातला नदीतळाचा गाळ तपासला. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाला दाद न देण्याची जनुके शहरातल्या गाळात वरच्या अंगापेक्षा ३० पटींपर्यंत जास्त होती. कोलिस्टिनला निकामी करणारे एक जनुक वरच्या अंगाच्या फक्त एका नमुन्यात होते, शहरातल्या मात्र प्रत्येक नमुन्यात होते. नदी तीच. मधे फरक पडला तो प्रक्रिया न करता सोडलेल्या सांडपाण्याचा. त्याआधी २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली होती. रस्त्यावर साचलेल्या-झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकी दोन नमुन्यांत एनडीएम-१चे जनुक सापडले.

आपल्याकडे शहरासारखी भुयारी गटारे नाहीत. शोषखड्डे आहेत, सेप्टिक टँक आहेत, उघडी गटारे आहेत. पहिल्या पावसात ते सगळे ओढ्याला मिळते आणि भातसा-काळूचे पाणी पुढे उल्हास नदीत जाते. भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबई पिते. त्याच शहापूर तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात आणि टँकर आला नाही तर ओढ्याच्या पात्रात खणलेल्या खड्ड्यातले पाणी भरतात. दवाखाना आणि पोल्ट्री यांचे पाणी जिथे ओढ्याला मिळते, तिथला नमुना आणि पिण्याच्या विहिरीचा नमुना एकाच वेळी तपासला तर जंतू कुठून कुठे जातो ते कळू शकते. ग्रामसभेत अशी मागणी करायला हरकत नाही.

या सांडपाण्याला सगळ्यात आधी हात लागतो तो गटार उपसणाऱ्याचा. या कामाला पिढ्यान्‌पिढ्या कोणाला जुंपले गेले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. माणसाकडून हाताने मैला काढून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटाराच्या कोणत्याही कामाला हातमोजे, गमबूट, तोंडाला मास्क आणि काम संपल्यावर साबण-पाणी ही मेहरबानी नाही, त्या माणसाचा हक्क आहे. त्याच्या हाताला जखम झाली आणि ती चिघळली, तर त्या पुवाचे कल्चर करायला डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कामाचे स्वरूपही सांगावे.

आपल्या हातात काय आहे

शेवटी एक दिलासा. हे जंतू औषधाला दाद देत नसले तरी उकळत्या पाण्याला, क्लोरीनला आणि साबणाला देतात. त्यांच्यापुढे हट्टी जंतू आणि साधा जंतू यांत भेद नाही. म्हणून:

१. अँटिबायोटिक स्वतःहून घेऊ नये. डॉक्टरांनी लिहून दिले तर "आधी कल्चर करायचे का?" एवढा एक प्रश्न विचारावा.

२. नमुना गोळीच्या आधी, निर्जंतुक बाटलीत, दोन तासांच्या आत पोहोचवावा. उशीर असेल तर बर्फात.

३. कल्चरचा रिपोर्ट आधारकार्डासारखा जपून ठेवावा. पुढच्या आजारात तो डॉक्टरांना दाखवावा.

४. दिलेला कोर्स डॉक्टरांनी सांगितला तेवढाच घ्यावा. उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नयेत, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नयेत.

५. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर पडते की नाही, हे जलसुरक्षकाला विचारावे. ती टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करून पाहावी. पाण्याला पिवळसर रंग आला तर क्लोरीन उरले आहे.

६. आवणीच्या दिवसांत बायकांनी पाणी पोटभर प्यावे आणि लघवी रोखू नये. त्यासाठी बांधावर चार काठ्या आणि एक जुने लुगडे बांधून आडोसा करणे, हे घरातल्या पुरुषांचे काम आहे.

महिला मंडळाच्या बैठकीत हे वाचून दाखवावे. ज्या घरात कोणी वारंवार तापाने किंवा लघवीच्या जळजळीने आजारी पडते, तिथे बाटलीची रीत एकदा नीट समजावून सांगावी.